गाण्यावरून माणूस

आमच्या घरी कोणी हळू बोलत नसे, कारण घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती. बोरी अरब गावाला लागूनच आमचा बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्याच्या तोंडाशी, रस्त्यावरच, आमचं घर. वीज आली की बा खटका ओढायचा, पट्टा फडफडत फिरायला लागायचा आणि भिंतीवरच्या मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. मग स्वयंपाकघरातून याडी ओरडून विचारायची, "भाकरी किती टाकू?" आणि बा गिरणीतून ओरडून भलतंच काहीतरी सांगायचा. याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत आई. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, गिरणीवर आलेल्या गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी; इथं मात्र सगळ्यांचं बोलणं मी वऱ्हाडीतच सांगते. ओरडणं मात्र दोन्ही भाषांत सारखंच असायचं. एवढ्या वर्षांच्या आवाजानं बाचे कान बधिर होत चालले होते, पण ते त्याला कबूल नव्हतं. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्याचं म्हणणं.

पिठाचा वास आमच्या कपड्यांना असायचा, केसांना असायचा, अंथरुणालाही असायचा. ज्वारी दळताना एक वास, गहू दळताना दुसरा, आणि हरभरा दळला की गल्लीतल्या सगळ्या पोरांना भूक लागायची. दुपारी बा जेवायला बसला की त्याच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. याडी त्याच्या ताटात गरम भाकर, अंबाडीची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार टाकायची. जेवताना ती आज कोणाचं दळण कसं होतं ते सांगायची. डबा हातात आला की ती आत मूठ घालून दाणे बघायची, आणि त्या मुठीवरून तिला घर कळायचं. "ज्याच्या दळणात खडे, त्याच्या घरात भांडण," असं ती म्हणायची. तिचा अंदाज बहुतेक वेळा खरा निघायचा. नाही निघाला तर ती त्याबद्दल बोलायचीच नाही.

गिरणीच्या कोपऱ्यात माझा भाऊ कैलासने कॉम्प्युटर मांडला होता. तेव्हा गावात ज्याच्या त्याच्या हातात रंगीत पडद्याचा मोबाइल आला होता, पण इंटरनेट म्हणजे शहरातली गोष्ट होती. गाणी हवी असतील तर मोबाइलमधलं नखाएवढं मेमरी कार्ड काढायचं आणि आमच्याकडे द्यायचं. दळण होईपर्यंत गाणी भरून मिळायची. पुढे कैलासला पुण्याकडच्या कंपनीत नोकरी लागली आणि खुर्ची माझ्याकडे आली. मी तेव्हा दारव्ह्याच्या कॉलेजात बी.ए.ला होते, सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर गिरणी. कीबोर्डवर पिठाचा थर बसायचा, तो मी ओढणीच्या टोकानं पुसायची. कॉम्प्युटरवर जुनी साडी पांघरलेली असायची. गिरणीच्या आवाजात गाणं भरलं की नाही हे कळत नसे, म्हणून हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून तपासायला लागायचं.

कार्डात नवीन गाणी टाकायची तर कधी कधी ते आधी साफ करावं लागायचं. त्यात कोणाची जुनी गाणी गेली की भांडण व्हायचं. म्हणून कैलासने पद्धत पाडली होती की आलेल्या कार्डातलं सगळं आधी कॉम्प्युटरात उतरवायचं आणि त्या माणसाच्या नावानं फोल्डर करून ठेवायचं. बघता बघता सगळ्या गावाची, तांड्याची गाणी आमच्याकडे जमा झाली. मग लोक गाण्याचं नाव सांगेनासे झाले, माणसाचं नाव सांगायला लागले. "देवरावच्या फोल्डरातले दे." "त्या मास्तराचे नको, रडके हायेत." एकाची गाणी दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, अशी गावभर फिरायची, आणि कोणाचं गाणं कोणाकडे गेलं हे फक्त मला ठाऊक असायचं.

साहजिकच मी माणसं ओळखायला लागले. शाळेत ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं वर्ग गप्प व्हायचा त्या गुरुजींच्या कार्डात सगळी वरातीत नाचायची गाणी होती. गावात चुकूनही गोरबोली न बोलणारे आमच्याच समाजातले एक साहेब होते, त्यांचं कार्ड होळीच्या लेंगी गीतांनी गच्च भरलेलं होतं. कमलाकाकूच्या कार्डात एकच गाणं वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा होतं. तिला ते संपल्यावर परत लावता यायचं नाही, म्हणून तिनंच तसं भरून घेतलं होतं. हळूहळू माझा एक नियम तयार झाला. कार्डात वर वर दिसतात ती गाणी लोकांना ऐकवायची असतात. माणूस बघायचा असेल तर तळाशी जायचं, जे वर्षानुवर्षं पुसलं गेलेलं नाही ते बघायचं. याडीची मूठ आणि माझा माउस, दोन्ही एकच काम करत होते. जेवताना आता आम्ही दोघी बोलायचो. ती दाण्यांवरून सांगायची, मी गाण्यांवरून, आणि बा मधेच म्हणायचा, "काय म्हणून राह्यल्या तुमी? मोठ्यानं बोला."

आज माझी मुलगी कानात बोंडाएवढी काहीतरी घालून फिरते. तिच्याकडे गाणी साठवलेली नाहीत, येतात आणि जातात. तिच्या मैत्रिणी कशा आहेत हे मला तिलाच विचारावं लागतं.

शेवटच्या वर्षाला असताना मला स्थळ आलं. केळापूरजवळच्या एका तांड्यातला मुलगा, नाव अनिल. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या मशिनीवर होता, घरची कापसाची, तुरीची शेती होती. बघायला आले तेव्हा त्याची आई, एक काका आणि मावसभाऊ गजानन बरोबर होते. अनिल भिंतीकडेला, कोपरा धरून बसला. रंगानं सावळा, अंगानं काटक. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले तेव्हा त्यानं वर बघितलं ते सरळ माझ्या तोंडाकडे. याडीला ते जरा जास्तच वाटलं. मला त्यानं काही विचारलं नाही. गजाननच बडबड करत होता, आणि पाकिटातले आपल्या बायकोचे नि तान्ह्या पोराचे फोटो दाखवत होता.

बाला माझ्या कॉम्प्युटरचा अभिमान होता. चहा झाल्यावर तो म्हणाला, "आमच्या सुनीपाशी साऱ्या गावाचे गाणे हायेत. पोराले भरून पाहिजे असन तं सांगा, आताच्या आता देते."

अनिलने क्षणभर गजाननकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. मागचं झाकण त्याला उघडता येईना. शेवटी गजाननने ते उघडून कार्ड माझ्या हातावर ठेवलं. मी नेहमीसारखं आधी सगळं उतरवून घेतलं, 'अनिल केळापूर' असं फोल्डर केलं, वर चार नवी गाणी टाकली आणि कार्ड परत दिलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गर्दी नव्हती. मी हेडफोन लावून बसले आणि उठलेच नाही. असं कार्ड मी तोवर बघितलं नव्हतं. गाणी नुसती कोंबलेली नव्हती, त्यांना घरं होती. एका फोल्डरचं नाव 'पावसातले', एकाचं 'रस्त्याचे', एकाचं 'घरी कोणी नसताना'. त्यात जुनी हिंदी गाणी होती, गझला होत्या, आमच्या बोलीतली लहानशा स्टुडिओत गायलेली गाणी होती, कुठल्याशा लग्नात बायकांनी म्हटलेली, मागे भांड्यांचा आवाज येणारी गाणीही होती. तळाशी गेले तर तिथंही उथळ काही सापडलं नाही. ज्या माणसाला पावसातलं गाणं आणि रस्त्यावरचं गाणं वेगळं ठेवावंसं वाटतं, त्याच्याबरोबर राहायला बरं वाटेल, असं मला वाटलं. संध्याकाळी मी याडीला सांगितलं, "मले चालते."

"बोलला तरी का तो तुयासंगं?" याडी म्हणाली. "एक शब्द नाही आयकला मी त्याचा."

"गाणे आयकले न मी."

"गाण्यासंगं संसार कराचा हाये का तुले?"

पण स्थळ चांगलं होतं, घर माहितीतलं होतं. सगाई झाली, गूळ वाटला, आणि लग्न कापूस घरी आल्यावर धरायचं ठरलं.

मग फोन सुरू झाले. मी फोनवर पुष्कळ बोलायची, तो "हां" म्हणायचा. मधे मधे "काय म्हटलं?" असं विचारायचा. मी गाण्यांचा विषय काढला की तो शेतावर यायचा. 'घरी कोणी नसताना' हे नाव कसं सुचलं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "असंच." मला वाटलं, लाजतो. लाजणं मला आवडलंसुद्धा.

दिवाळीनंतर गजानन यवतमाळला काही कामानं आला होता, तो आमच्याकडे डोकावला. याडीनं त्याला चकल्या आणि चहा दिला. जाता जाता तो माझ्या कॉम्प्युटरपाशी येऊन म्हणाला, "वहिनी, एक काम होतं. त्या दिवशी ते कार्ड तुमी उतरवून घेतलं होतं न? ते हाये का अजून?"

"हाये. काहून?"

"मायं कार्ड गेलं व. काही दिसतच नाही त्याच्यात. सारे गाणे गेले. तुमच्यापाशी असन तं भरून द्या."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "ते कार्ड तुमचं होतं?"

तो ओशाळला. "मोबाइल मायाच होता. अनिलपाशी साधा डबडा हाये. पोरीच्या घरी बरं दिसत नाही म्हणून मावशीनं मायावाला त्याच्या खिशात ठेवला. त्याले गाण्याचा काही नाद नाही. आमी कामावर बसनं संगंच जातो, तवा मी कानात लावून देतो तं आयकते बिचारा."

मी त्याला त्याची सगळी गाणी भरून दिली. 'पावसातले', 'रस्त्याचे', सगळं. तो खुशीत गेला. मी साडी ओढून कॉम्प्युटर झाकला आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. ज्याला मी ओळखते असं सगळ्यांना सांगत सुटले होते तो माणूस एका तान्ह्या पोराचा बाप, पोट सुटलेला गजानन होता, आणि ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्याच्याबद्दल मला एकही गोष्ट माहीत नव्हती. त्यानं वर बघून माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं, तेवढीच. मला रडू आलं नाही. भीती वाटली. सगाई मोडलेल्या मुलीबद्दल तांड्यात काय बोलतात ते मी गिरणीवर बसून ऐकलेलं होतं, आणि न मोडता पुढं जायचं तर कोणाबरोबर जायचं हेच कळत नव्हतं.

मी अनिलला फोन केला आणि म्हटलं, "ते गाणे तुमचे नव्हते."

तो म्हणाला, "नव्हते. अजून एक गोष्ट हाये. फोनवर नाही सांगत. येतो मी."

तो आला तो भर दुपारी, गिरणी सुरू असताना, खांद्यावर गव्हाचं पोतं घेऊन. लग्नाआधी मुलानं असं एकटं येणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं दळणाचं निमित्त आणलं होतं. यवतमाळला गाडी बदलून, पोतं एका गाडीतून दुसरीत टाकून तो आला होता. बानं पोत्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काहून, केळापुरात गिरणी नाही का?"

"हाये," अनिल म्हणाला. "पण इथलं पीठ बारीक असते म्हनते."

बा हसला. दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. माझ्या हातात कोणाचं तरी कार्ड होतं, ते मी तसंच धरून उभी होते. पट्टा फडफडत होता, आणि त्या आवाजात ते दोघं गिरणीच्या तोंडाशी उभे राहून बोलत होते. कापसाचं बोलत होते, जिनिंगच्या मशिनीचं बोलत होते. काही वेळानं माझ्या लक्षात आलं की दोघांपैकी कोणीच ओरडत नाही. बा एकदाही "काय?" म्हणत नव्हता. दोघं एकमेकांच्या ओठांकडे बघत होते. बाला गेल्या कित्येक वर्षांत मी इतकं निवांत बोलताना बघितलं नव्हतं. त्याच्याशी बोलताना आम्ही सगळे घसा ताणायचो आणि तो चिडायचा. हा परका मुलगा त्याच्या समोर, उजेडाकडे तोंड करून उभा होता आणि एकेक शब्द नीट ओठांवर आणत होता.

तेवढ्यात याडीनं पोत्यात मूठ घातली. मूठ बाहेर काढून तिनं तळहात पसरला आणि माझ्याकडे बघितलं. निम्मे गहू, निम्मे खडे. त्यानं घाईत न निवडलेलंच पोतं उचलून आणलं होतं. "हे टाकलं तं गिरणीचा दगड जाईन," असं म्हणून तिनं पोतं आत ओढलं, पडवीत फडकं पसरलं, आणि सूप घेऊन बसली. मी बसले. अनिलही येऊन समोर बसला आणि खडे वेचायला लागला. गहू निवडता निवडताच त्यानं सांगितलं.

"लहानपणी माया कान फुटला होता. डाव्या कानानं मले काहीच आयकू येत नाही. उजवा चांगला हाये. मायनं म्हटलं, लग्न होऊ दे, मंग सांगू. मले ते बरं नाही वाटलं."

याडीचं सूप थांबलं. "लपवलं म्हणजे लपवलंच," ती म्हणाली. "सगाईच्या आधी काहून नाही सांगितलं?"

"तवाच सांगाले पाहिजे होतं," तो म्हणाला. "तुमी मोडतो म्हटलं तं मी कोणाले दोष देनार नाही. लोकाइले सांगीन, मीच नाही म्हटलं म्हणून."

याडीनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. त्याला रिकामं परत पाठवायचं नाही एवढं तिनं ठरवलेलं दिसत होतं, कारण ती एकेक खडा निवडत बसली, आणि तिची पुटपुट हळूहळू गव्हावरून त्याच्या आईवर आणि त्याच्या आईवरून पुन्हा गव्हावर आली. मी त्याला विचारलं, "गाणे आवडत नाही का तुमाले?"

"आवडते न. होळीत डफ वाजते, ते तं छातीत आयकू येते. कानात लावाचे गाणे मले अर्धेच वाटते. मधात कुठं कुठं काही राहूनच जाते. मले वाटे, गजाननचा हेडफोनच खराब हाये."

संध्याकाळच्या गाडीनं तो पीठ घेऊन गेला. याडीनं पोत्यावर भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. बा म्हणाला, "हे सांगाले पोतं घेऊन येवढ्या दुरून आला." उत्तर मी द्यायचं होतं.

मी चार-आठ दिवस काहीच केलं नाही. मग दारव्ह्याला कॉम्प्युटर क्लासच्या सरांना विचारलं, की एका कानानं ऐकणाऱ्याला हेडफोनमध्ये गाणं अर्धं का येतं. त्यांनी सांगितलं, गाणं डावं आणि उजवं असं दोन वाटांनी भरलेलं असतं, काही वाद्यं एका वाटेनं जातात, काही दुसऱ्या. मग त्यांनी मला एक प्रोग्राम दिला. त्यात गाणं उघडलं की पडद्यावर वर-खाली दोन नागमोडी पट्टे दिसायचे. एक कळ दाबली की दोन्हीचा मिळून एक पट्टा व्हायचा, आणि मग तेच्या तेच दोन्ही कानांत जायचं. मी गजाननच्या 'रस्त्याचे' फोल्डरपासून सुरुवात केली, कारण बसमध्ये अनिलने तीच ऐकलेली असणार. एकेक गाणं उघडायचं, एक करायचं, जपून ठेवायचं. वीज जायची, अर्धं काम जायचं, वीज आली की परत बसायचं. गिऱ्हाइकं खोळंबायची. याडी येऊन पाठीमागे उभी राहायची. एकदा तिनं विचारलं, "कोणाचं भरून राह्यली?" मी म्हटलं, "अनिलचं." ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि चहाचा कप आणून कीबोर्डपासून जरा लांब ठेवून गेली.

लेंगीच्या डफाची गाणी मी त्यात घातली. कमलाकाकूचं ते एक गाणंही घातलं. कार्ड कागदात गुंडाळलं आणि पांढरकवड्याला निघालेल्या आमच्याच एका नात्यातल्या माणसाच्या हाती गजाननपर्यंत पोचतं केलं. बरोबर काही लिहून दिलं नाही. गजाननला फोनवर एवढंच सांगितलं, की तुमच्या मोबाइलात घालून त्याला ऐकायला द्या, आणि जरा वेळ परत मागू नका.

त्याचा फोन आला तेव्हा गिरणी चालू होती. मी मोबाइल कानाशी घट्ट धरून मागच्या अंगणात गेले. तो कामावर जायच्या बसमध्ये होता, मागे गाडीचा आवाज येत होता. तो पहिल्यांदाच आपणहून भरभर बोलत होता.

"ते एक आपल्या बोलीतलं गाणं हाये पाह्य, मेळ्याले चाललो म्हनते ते. किती वर्षं आयकून राह्यलो मी ते. मले वाटे, त्यात तो एकटाच गाते. अन् मधी मधी गप्प राह्यते, काहीतरी इचार करते, मंग पुन्हा गाते." तो थांबला. "त्यात बाई बी गाते व. तो गप्प राह्यते तवा ते गाते. त्याले जबाब देते."

मी म्हटलं, "हाये न बाई. आधीपासून हाये."

त्यानं फोन ठेवला नाही, मीही नाही. तिकडे कंडक्टर कोणाला तरी पुढं सरकायला सांगत होता, इकडे बाने खटका ओढून गिरणी बंद केली, आणि घरात एकदम इतकी शांतता झाली, की अनिलने कानातून काढलेल्या हेडफोनमधून त्या बाईचा बारीक आवाज मला ऐकू आला.